खोलीतली तिसरी डिस्क

१ मार्च

प्लोव्हदिव शहरात आले आणि नशीब उघडलं असंच वाटलं. तंबाखूचं जुनं गोदाम, त्यात आता सर्व्हरची काचेची खोली. दारातच मिलेनने माझ्या मनगटावर मार्तेनित्साचा, वसंताच्या शुभेच्छेचा लाल-पांढरा दोरा बांधला आणि चीज भरलेली गरम बानित्सा पुढे केली. गोड माणूस. पूर्वी माझ्या जागी तोच होता म्हणे, आता कॉफी करतो. इथे पाय रोवले की कालिनाला माझ्या आईकडून घेऊन येईन. सहा वर्षांची पोर, रोज फोनवर विचारते, आई, कधी नेणार.

४ मार्च

काम सोपं आहे. लिनक्स चढवताना मशीन जे प्रश्न विचारतं त्यांची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवायची: कोणती डिस्क पुसायची, तिचे भाग किती पाडायचे. पुढचं मशीन आपलं आपण उरकतं. सगळी मशीनं गुमान चालली, कोपऱ्यातलं एक सोडून. भाग पाडायची वेळ आली की ते अडतं आणि म्हणतं, तिसरी डिस्क वापरात आहे. आत डिस्क दोनच आहेत. मी उघडून पाहिलं.

मालक त्सानेव काचेबाहेरूनच ओरडले. तुझ्या पदवीचं काय लोणचं घालायचंय का, म्हणाले. मिलेन एक ओळ टाकायचा, 'सगळ्या डिस्क पूस, विचारू नको', आणि काम व्हायचं. माझं डोकं सणकलं. जी डिस्क कोणाची ते माहीत नाही, ती पुसायची?

७ मार्च

केबल बदलल्या, डिस्क बदलल्या. तरी तीनच. वैतागून बाहेर आले, काचेतून पडद्याकडे पाहिलं तर दोन. आत गेले, तीन. पुन्हा बाहेर, दोन.

सफाईवाल्या पेन्का मावशी माझ्याबरोबर आत आल्या, तर चार झाल्या. मावशी म्हणाल्या, तुझा चेहरा का असा उतरला गं, जेवलीस का.

मग मिलेनला एकट्याला आत पाठवलं. दोनच राहिल्या.

१० मार्च

मिलेनची बायको त्याला रोज हात धरून सोडते. आज ऐकलं, तो तिला म्हणाला, आभारी आहे मॅडम, तुम्ही फार भल्या आहात. ती बाई दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. संताप, नुसता संताप येतोय मला.

१३ मार्च

त्सानेवना तोंडावर विचारलं. हसले. म्हणाले, मिलेनच्याही नाकावर पूर्वी तुझ्यासारखाच राग होता, आता बघ कसा गाईसारखा गरीब झालाय. तेव्हा लक्षात आलं. हा माणूस त्या खोलीत कधी पाऊल टाकत नाही. ह्याला माहीत आहे. नीच.

नोकरी गेली खड्ड्यात, असं त्याला सुनावलं आणि बॅग भरली. मग ऐकलं की माझ्या जागी उद्यापासून एक नवी मुलगी येतेय. तिलाही तो 'सगळ्या डिस्क पूस' हीच ओळ टाकायला लावणार. बॅग रिकामी केली.

१४ मार्च, सकाळ

मशीनमधून धूर येतोय असं खोटंच ओरडले. त्सानेव धावत आला आत. दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली माझ्या मुठीत. मी तिसरी. तो आला तशी चौथी दिसली. फाइलमध्ये लिहिलं: फक्त चौथी पूस.

मशीन पुन्हा सुरू केलं. तो हात जोडतोय. रुमेना, पोरी, ऐक माझं, म्हणतोय. मिलेननेही हात जोडले असतील.

पुसायला लागलं —

तो अजून बोलतोय. नीट बोलतोय. मला नावाने —

क्रम. मशीन पुन्हा सुरू झालं की डिस्कचा क्रम बदलू शकतो. आता चौथी मीच. आकड्यावर कधी विसंबायचं नसतं, शिकाऊ पोरांनाही ठाऊक — मला ठाऊक होतं — रागाच्या भरात मी —

बंद होत नाही. वायर ओढली तरी —

लिहून ठेवते. मुलगी आहे. सहा वर्षांची. डाव्या गालावर खळी. डाव्या की

समोरचे गृहस्थ माझ्या मुठीतून किल्ली काढून घेतायत. घेऊ देत. त्यांची असेल.

फोन वाजला. एक लहान मुलगी होती. मला आई म्हणत होती, रडत होती. वाईट वाटलं. तिला समजावून सांगितलं, बाळ, नंबर चुकला तुझा, तुझ्या आईला