वाचून दाखवलं, बरोबर आहे

अकोला,
१९ जानेवारी २०२५, रविवार

चिरंजीव वकीलसाहेब प्राजक्ता हिले आजीचा आशीर्वाद.

इकडे सारं बरं आहे. माहा गुडघा आपल्या जागी, त्याची कुरकुर आपल्या जागी. तुह्या बापानं नवा चष्मा घेतला, तरी त्याले मिठाचा डबा सापडत नाही. संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवते. गोड बोलाचं काम आता तुह्याकडे, तुले त्याचे कप भेटतात.

तू चार डाव फोन केला, म्या उचलला नाही. फोनवर तू मधातच बोलते. कागदाले मधात बोलता येत नाही, म्हणून शेजारच्या गीतांजलीले लिहाले बसवलं. ती अंगणवाडीत शिकवते, अक्षर चांगलं आहे म्हणतात. माहं बोलणं सुधरवून लिहू का विचारत होती. म्या सांगतलं, मी बोलते तसंच लिव.

तुह्या कॉलेजातलं खोटं कोर्ट पाहाले मी अमरावतीले आली ते हौसेनं. राजापेठेत उतरली तं तू घ्याले उभी, काळा कोट, गळ्याले पांढरी पट्टी. वाटलं, माहीच दृष्ट लागते का काय पोरीले. तेवढं वाटणं खरं होतं, हे ध्यानात ठेव.

कोणाची बाजू भेटते ते चिठ्ठीवर असते, आपल्या हाती नसते, हे तू सांगतलं होतं. तुले भावाची भेटली. बहिणीचा अंगठा घेऊन बापाच्या वावरातला तिचा हिस्सा सोडवून घेणारा भाऊ. बरं. चिठ्ठीवर माहा राग नाही.

मंग तुह्या वर्गातली पोरगी बहीण होऊन साक्षीले आली. डोक्यावर पदर, कंबर वाकवलेली, ‘मी अडाणी बाई जी’ म्हणत. लोकं हसले. मी तिसऱ्या रांगेत बसून पाहत होती, म्हातारी अशी दिसते म्हणून. माही कंबर तिच्याइतकी वाकली नाही, हे लिव गीतांजली.

तू तिले साडीचा रंग विचारला. ती म्हणे, मोरपंखी. दुकान विचारलं, काठ विचारला, तेही सांगतलं. तिनं काय सांगाचं ते तूच बसवून देलं होतं, हे मले मागून समजलं. मंग तू जराशी थांबली, आवाज खाली घेतला, अन् म्हटलं, “साडीचा काठ आठवतो, मग कागद तेवढा आठवत नाही?”

टाळ्या पडल्या. तू कप घ्याले गेली तवा मी बसस्टँडवर होती.

ती साडी माही आहे, प्राजक्ता. दिवाळीत अनारसे तळताना तू माह्यावर उलटतपासणीचा सराव करत होती, फक्त हो नाहीतर नाही म्हणाचं. मले मजा येत होती. म्या वरून चार गोष्टी सांगतल्या. रंग, काठ, दुकान, रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर माह्या भावानं, खुशालनं, खाऊ घातलेले भजे. मंग तू विचारलं, आजी, कागद वाचून दाखवला होता का? तवा म्या झारा आपटला अन् अनारसा जळला म्हटलं. अनारसा जळला नव्हता. तू वहीत एक ओळ लिहिली. मले वाचता येत नाही, पण कोण कवा लिहिते ते दिसते.

आता जे नऊ वर्षं तुह्या बापालेही सांगतलं नाही ते लिव गीतांजली, थांबू नको.

रजिस्ट्रीचा कागद लिहिणाऱ्या अर्जनवीसानं तो वाचून दाखवला होता. मोठ्यानं, दोन डाव. माह्या हिश्श्याचे तीन एकर मी सोडून देते, हे मले समजलं होतं. खुशाल म्हणाला, “बाई, माहेर तुहंच आहे, दिवाळीले येत जा.” म्या अंगठा देला. वावर देऊन माहेर घेतलं, एवढाच तो सौदा. दोन दिवाळ्या न्याले गाडी आली. तिसऱ्या वर्षी त्याच्या नातीच्या लग्नाची पत्रिका साऱ्या गावाले गेली, मले नाही आली. तवा मी कोर्टात गेली. माहेर मागाचा दावा कोणता वकील लिहीन? म्हणून वावर मागतलं.

वकिलानं लिहिलं, बाईले कागद वाचून दाखवलाच नव्हता. त्याच्याखाली पुन्हा माहा अंगठा, अन् बाजूले छापलेलं, वाचून दाखवलं, बरोबर आहे. गंमत पाहा, तो कागद मात्र कोणीच वाचून दाखवला नाही.

चार फेब्रुवारीले कोर्टात पेशी आहे, माह्या उलटतपासणीची. खुशालच्या वकिलाले तुह्याइतकं डोकं नाही, तुहा प्रश्न त्याले सुचणार नाही. पण भाजी निवडताना तो प्रश्न माह्याच कानात बोलते. मी ‘नाही’ म्हणून पाहते, अन् तुहा आवाज खाली येते, तसाच. तू लय चांगली वकील होशील. याचंच वाईट वाटते.

म्हणून कोणी विचारो न विचारो, मी खरं सांगीन. वावर जाईल. माहेर तं आधीच गेलं.

पेशीले येते असं तू बापाले सांगतलं म्हणे, तं ये. कोट घालून नको. तिसऱ्या बाकड्यावर बस. जिथून मले दिसलं तिथूनच तुलेही दिसू दे, खरी म्हातारी कशी उभी राहते ते.

गीतांजलीनं हे पत्र दोन डाव वाचून दाखवलं. समजलं. बरोबर आहे.

अंगठा तुह्या आजीचा,
मैनाबाई