वार कोन्ता?

बुधवार, संध्याकाळ. कामरगाव.

सून खुशाल, पोटातलं लेकरू खुशाल, माझे गुडघे तेवढे कुरकुरतात.

सातव्या महिन्यात सुनेची साखर वाढली, ती माझ्याच लाडवांनी, असं मन खात होतं. आज दवाखान्यात तपासलं तं साखर आटोक्यात. तरी नर्सबाईले विचारलंच, साखर वाढली कशानं? त्या म्हणाल्या, "आजी, वारेमुळं वाढते."

"कोन्त्या वारी? मी तं सोमवारी लाडू देल्ले!"

सून हसून बेजार. "आत्याबाई, बाळामागून पडते थे वार!"

अगं बाई! किती जणींची वार पुरली मी या हातानं. तिच्याच रसानं आईची साखर चढते, अन् तीच थे साखर बाळाले पोचवते, हे कुठं माहीत होतं?

म्हंजे एकटे लाडू गुन्हेगार नाहीत. तरी डबा वरच्या फळीवर ठेवला.

लेकरा, आतून लाथ मारून खुशाली लवकर कळव.