मागची सीट

४ तारीख, मंगळवार

पोरीला पुन्हा मारलं. मापाच्या लोखंडी पट्टीनं. चौदाची पोर, आणि फोनमध्ये ‘मावशी’ नावानं बोलतोय कोण — तर एक बाप्या! ‘राणी, आईला सांगू नकोस.’ दंडावर पट्टीच्या रेघा उमटल्या. थू माझ्यावर!

६, गुरुवार

शाळेनं सांगितलं म्हणून समुपदेशक बाईंकडे गेले. आमच्यासारख्या आईबापांसाठीच बसतात. मी म्हटलं, ‘पोरगी वाया गेली हो.’ तर म्हणाल्या, ‘वाया नाही गेली. तिला कुणीतरी गळाला लावलंय. तुम्ही माराल, तो लाड करेल — मग ती कुठं जाईल? दिसेल ते तारीखवार लिहा. आणि त्याला हात लावू नका.’

म्हणून ही वही; मंगळवारचं आधी आठवून लिहिलं. मनात आलं, बाईंना मूलबाळ नसणार.

७

पट्टी तिच्यासमोर वाकवून फेकून दिली. तिनं बघितलंसुद्धा नाही.

११, मंगळवार

आमच्या सीटकव्हरच्या दुकानात करडी गाडी आली, मागच्या सीटचं कव्हर बदलायला. गाडीवाला गोडबोल्या. ‘सावकाश करा ताई,’ म्हणत दारात खुर्ची टाकून फोनवर बसला. मी सीट उपसली. खाचेत नेहमीच काहीबाही सापडतं, पेनांची टोपणं, बडीशेप. आज केसांच्या क्लिपा निघाल्या. पाच! एक आमच्या पोरीची. त्या क्लिपेचा तुटलेला दात मीच सुई तापवून चिकटवलाय.

हातोडी हातातच होती.

पहिला घाव मनगटावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं. दुसरा गुडघ्यावर. ‘वेड लागलं का बाई!’ मग नुसताच गुरासारखा ओरडला. तिसरा तोंडावर बसणार, तेवढ्यात नवऱ्यानं मागून मला कवटाळलं. मी त्यालाही चावले.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१२

रात्रभर चौकीत. सकाळी सुटले. क्लिपा साहेबांसमोर ठेवल्या, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, ‘गाडीच्या सीटवर आणखी पुरावा सापडेल, चला.’

दुकानात येऊन बघतो तर — सीट नवीकोरी! नवऱ्यानं हाती घेतलेलं काम पुरं केलं होतं. नवा फोम, नवं रेक्झिन, वर व्हॅक्यूम. जुनं सगळं सकाळच्या कचरागाडीत. ‘मला वाटलं, काम चोख करून दिलं तर तक्रार मागे घेईल,’ म्हणाला. त्याला बिचाऱ्याला मारामारीचं कारणच माहीत नव्हतं. साहेबांदेखत थोबाडीत दिली त्याच्या. मग कारण सांगितलं. तो सीटवरच बसला आणि हमसून हमसून रडला.

१४

‘तू त्याचा हात मोडलास! त्याच्याशिवाय माझं कोणी नाही!’ पोरीनं आरसा फेकून मारला. माझ्या कपाळाला तीन टाके. रक्त डोळ्यात उतरलं तरी शिव्या थांबेनात तिच्या. माझा हात उठला होता. कसाबसा खाली घेतला.

बाई दवाखान्यात आल्या. रागावल्या नाहीत. ‘तुम्ही त्याला बिचारा करून ठेवलंत,’ एवढंच म्हणाल्या. खरंय. मी विचारलं, आता काय करू? ‘ती बोलेल तेव्हा आधी ऐकायचं. काहीही बोलली तरी.’

१५

ताट तिच्या दाराशी ठेवलं. लाथाडलं. पुन्हा वाढून ठेवलं.

१९, बुधवार

दाराबाहेरूनच सांगितलं, ‘त्याच्या सीटमधून क्लिपा निघाल्या गं. पाच. एक तुझी.’

आतून पावलं दाराशी आली. मग, ‘पाच?’

२०, गुरुवार

सकाळी आपणहून येऊन माझ्याजवळ बसली. ‘एक पिवळी होती?’

होती.

‘ती खालच्या मजल्यावरच्यांच्या धाकट्या मुलीची. तो म्हणाला, एखादी मैत्रीण आण, नाहीतर तुझे फोटो सगळ्यांना पाठवतो. मीच नेलं तिला. मार मला, आई.’

बारा वर्षांची आहे धाकटी.

दोन्ही हात मांड्यांखाली दाबून सगळं ऐकलं. बाईंना फोन केला, त्या निघाल्यात. आता धाकटीच्या आईला सांगायचंय. पोरगी म्हणते, मीपण येते.