डंक्याची थरथर

डंक्यामुळे नाही झालं ते, बाबा. तेव्हा सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकलं नसतंत, आणि तेव्हा मला तरी कुठे काय कळत होतं. पण तुमचं ते एकच पालुपद, की जन्मभर डंक्यापाशी उभा राहिलो, त्याची थरथर अंगात मुरली, ते लालबागच्या आपल्या गल्लीत अजून चालू आहे. डंका, ती मिरची कांडायची मशीन, सुरू झाला की खालची फरशी हलते, पायातून पार दातापर्यंत येतं, हे खरं. मग गल्लीत सगळ्यांचेच हात हलायला हवे होते. तुमचा एकच हलायचा, उजवा, तोही मांडीवर रिकामा पडला की. मिरचीचं घमेलं हातात घेतलं की थांबायचा. आई म्हणायची, "कामाला लागला की गप बसतो, म्हणजे आळशी झालाय हात." तुम्ही हसायचा नाहीत. हसणंच सोडलं होतंत, चेहरा तसाच कोरा, आणि आम्हाला वाटायचं बाबा सारखे रागावलेले.

त्याच्या कितीतरी आधी तुमचं नाक गेलं होतं. मसाला भाजणाऱ्याचं नाक जाणं म्हणजे काय, ते आज कळतं. भोईवाड्याची ती बाई दर उन्हाळ्यात वर्षाचा मसाला तुमच्याकडूनच भाजून, कांडून न्यायची. त्या दिवशी कढईतून काळा धूर निघतोय, गल्ली खोकतेय आणि तुम्ही आपले शांतपणे धणे हलवताय. "अहो, जळले की! वास नाही येत तुम्हाला?" ती ओरडली. तुम्ही म्हणालात, "येतोय ना. खमंग येतोय." मालकाने तिला भरपाई दिली आणि तुम्हाला भाजणीवरून काढून डंक्यावर उभं केलं. मिरचीने नाक मारलं, सगळे म्हणाले. मी पण म्हणालो. मग पावलं बारीक झाली. चाळीचे जिने धडाधड चढून यायचात आणि घराच्या उंबऱ्यापाशी पाय फरशीला चिकटल्यासारखे उभे. आई चिडायची, "जिना चढता येतो आणि घरात यायला मुहूर्त लागतो!" शेवटी तुम्हीच ठरवलंत, गावी मोकळ्या हवेत थरथर निचरून जाईल. देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला. निचरलं काही नाही. जेवताना घास अडकायला लागला, छाती भरली आणि गेलात.

डंक्यामुळे नव्हतं ते, हे मी इथे शिकलो. मी आखातात आहे, हे तुम्हाला माहीत नाही. इथलं तिसरं काम हे, टिकत नाही मी कुठे, ते तुम्हाला माहीत आहे. एका म्हाताऱ्या शेठची गाडी चालवतो आणि त्याला धरून हॉस्पिटलात नेतो. पहिल्यांदा नेलं तेव्हा डॉक्टरने त्याला अंगठा आणि बोट भराभर एकमेकांवर आपटायला लावलं. चालवलं, वळवलं, मागे उभं राहून खांद्याला हिसका दिला, तोल सावरतो का बघायला. वास येतो का विचारलं. मी कोपऱ्यात उभा, आणि समोर शेठ नाही, तुम्हीच चालताय. मी विचारलं, रक्त नाही काढणार? डॉक्टर म्हणाला, "भाई, ये देखने से पकड़ में आता है." डोक्याचा फोटो काढला तो दुसरं काही नाही ना, ते बघायला. पार्किन्सन म्हणतात. मेंदूत हालचाल चालवणारं एक रसायन असतं, ते आटत जातं. बरा होत नाही. पण गोळी ते रसायन काही तासांपुरतं भरून देते. वेळेवर घ्यायची, जेवणाआधी; मटणावर घेतली तर नीट लागत नाही आणि मनाने बंद तर करायचीच नाही. गोळ्या सुरू झाल्यावर काही दिवसांत शेठने स्वतः चहाचा पेला उचलला. दारात अडखळला की मी खाली रुमाल टाकतो, तो ओलांडायला म्हणून त्याचा पाय उचलतो. एक रुमाल, बाबा. आपल्या उंबऱ्यात टाकायला घरात रुमाल काय कमी होते?

आता काका. तुमच्या जागी डंक्यावर तुमचा धाकटा भाऊ उभा राहिला, हे तुम्ही बघून गेलात. परवा व्हिडिओवर बोलताना त्याचा आवाज येईना. म्हटलं, "काका, मोठ्याने बोला." तो म्हणतो, "ओरडतोय ना रे, बहिरा झालास की काय?" चालून दाखवा म्हटलं तर डावा हात खिळा ठोकल्यासारखा अंगाला. मग बोटं आपटायला लावली. पहिली दोन-तीन मोठी, मग बारीक, बारीक, आणि थांबलीच. मागून काकी म्हणाली, "काल खोबरं करपलं, शेजारी उभे होते, पत्ता नाही." काका भडकला. "नववी नापास, गाडी हाकतोस, आणि मला तपासतोस? डंक्याचं दुखणं आहे हे. तुझ्या बापाला झालं तेच. गणपतीत गावी जातोय, परत नाही येणार. तिकिटाचे पैसे पाठव."

माझं चुकू दे. मी कोण सांगणारा, डॉक्टरने बघायला पाहिजे. परळला मेंदूचे डॉक्टर बसतात, काकीला पत्ता दिलाय. पण काका तिच्या शब्दावर जाणार नाही, तुमच्या शब्दावर गेला असता. गल्लीत तुमचंच अजून चालतं, म्हणून हे तुम्हाला सांगत बसलो.

शेठ आत तपासायला गेलाय, मी गाडीत. हे कागद गाडीच्या खणातच राहतील. एक कबूल करतो. काकीने दिलेल्या मसाल्याची पुडी मी रोज सकाळी उघडून हुंगतो. खोलीतली पोरं म्हणतात, घरची आठवण काढतो. आठवण-बिठवण नाही. नाक जागेवर आहे ना, ते बघतो. आज होतं.

पैसे काकीच्या खात्यावर टाकतोय, काकाच्या नाही. डॉक्टरचे आणि पहिल्या गोळ्यांचे. गावच्या तिकिटाचे त्यात धरलेले नाहीत. पंधरा हजार.