कुटुंब स्थायिक: होय

३ मार्च, सकाळी ७.१०
नवी वही. नवा निश्चय. या वर्षी घर घ्यायचं आणि मग करिअर सुरू करायचं. याच क्रमाने. लोक उलट करतात आणि आयुष्यभर रखडतात.

लग्नाला अकरा वर्षं, बदल्या सहा. माझं कुठे बस्तान बसतंय असं वाटलं की मेजरची ऑर्डर येते. मेजर म्हणजे माझी बायको. समोर नावाने हाक मारतो, वहीत मारणार नाही. फोटोग्राफी, मधमाशीपालन, सॉफ्ट स्किल्सचे क्लास, सगळं सैन्याने गिळलं. मधमाश्या बदलीच्या आधी तीन महिने उडून गेल्या हे खरं, पण घरातलं अस्थिर वातावरण त्यांनाही कळलं असणार.

५ मार्च
छावणीच्या हॉलमध्ये शिबिर: अधिकाऱ्यांच्या जोडीदारांसाठी करिअर मार्गदर्शन. निमंत्रणावर 'श्रीमती' छापलेलं. चाळीस बायका आणि मी. मार्गदर्शन करणारी बाई, हिला यापुढे करिअरवाली म्हणेन, सांगत होती की बदलीबरोबर नेता येईल असं काम निवडा. मी उभा राहून सांगितलं की खऱ्या कामाला एक जागा लागते, एक टेबल लागतं, शांतता लागते. कुणी टाळी वाजवली नाही. मत्सर.

मग शेजारच्या कॅप्टनिणीला पुढे बोलावून कौतुक. ती चार बदल्यांमधून ऑनलाइन गणित शिकवतेय. त्यात काय विशेष? ते कुठेही बसून करता येतं.

११ मार्च
एजंट गाठला. हस्तांदोलन झाल्या झाल्या विचारतो, मॅडम कधी बघणार? मी सांगितलं, घराचे निर्णय मी घेतो. हो हो म्हणाला आणि मेजरचा नंबर मागितला. माणूस पहिल्या मिनिटातच डोक्यात गेला.

पाच घरं नापास. एकाच्या जिन्यात आमची ट्रंक वळणार नाही. एकाच्या स्वयंपाकघराचं दार शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत उघडतं. अभ्यासिका एकातही नाही. अभ्यासिका नसेल तर करिअर कुठे ठेवायचं?

१९ मार्च
सतरा घरं झाली. एजंट आता गाडीतून उतरतही नाही, चावी हातात देतो. आज म्हणाला, सर, तुम्हाला घर हवंय की तक्रार? तेव्हापासून त्याच्याशी अबोला. मागच्या सीटवर बसून मेसेज करतो. तो पुढच्या सीटवर वाचतो.

२४ मार्च, संध्याकाळी ६.३०
आज मेजरला स्पष्ट सुनावलं. ती दारात बूट सोडत होती. म्हटलं, अकरा वर्षं मी तुझं सामान होऊन फिरतोय. माझ्यात काय काय होतं, सगळं तुझ्या नोकरीपायी मातीत गेलं. तिने दुसरा बूट सोडला आणि विचारलं, नक्की काय हवंय तुला? मी म्हटलं, मला एका जागी राहायचंय, तू कुठेही जा. बोलण्याच्या भरात. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. त्यावर ती बूट उचलून आत गेली. मुद्दा पटला.

२ एप्रिल
सव्विसावं घर पसंत. दोन खोल्या, छोटं अंगण आणि कोठीची एक खोली, जिची अभ्यासिका होईल. मेजरने दहा मिनिटांत पाहिलं आणि म्हणाली, तुला आवडलंय ना, मग घे. कर्जाच्या कागदांवर सह्या तिच्या लागल्या, पण ती तांत्रिक बाब. एजंट तिच्याशीच बोलत होता. बोलू दे. घर मी शोधलं.

९ एप्रिल
आज डोकं चालवलं ते काही औरच.

बदलीआधी प्रत्येक अधिकाऱ्याला फॉर्म भरावा लागतो. आपल्या पसंतीची तीन ठिकाणं, आणि शेवटच्या पानावर प्रश्न: कुटुंब एका ठिकाणी स्थायिक आहे काय? कुंपणापलीकडून कॅप्टनीण म्हणाली, तिथे 'नाही' लिहा, निदान कोरं तरी सोडा. हिला कुणी विचारलं? दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच आहे. मी ठळक अक्षरात 'होय' लिहिलं आणि तीन टाइप केलेली पानं जोडली: घर घेतल्याचा तपशील, माझ्या नियोजित करिअरची रूपरेषा, 'कुटुंब आता येथून हलणार नाही' हे वाक्य दोनदा. एवढं वाचल्यावर मेजरला इथून हलवायची कुणाची छाती होईल?

मेजरने तिन्ही पानं वाचली. मी लिहिलेलं तिने शेवटपर्यंत वाचल्याची ही पहिलीच वेळ. नक्की हेच पाठवायचं का, असं विचारलं. म्हटलं, यातला स्वल्पविरामही बदलायचा नाही. तिने सही केली.

२१ एप्रिल
नव्या घरात आलो. अभ्यासिकेत टेबल लावलं. खिडकीसमोर उजेड डोळ्यांवर येतो, भिंतीकडे तोंड केलं तर विचार खुंटतात. सध्या आडवं ठेवलंय. काम पुढच्या आठवड्यापासून.

करिअरवालीचा फोन. घरापासून दहा मिनिटांवरच्या प्रशिक्षण केंद्रात जागा आहे. नव्या कारकुनांना शिकवायचं. तीन वर्षं टिकेल असा माणूस हवा. मी सांगितलं, बायकोच्या बदलीचं अजून ठरायचंय, शब्द कसा देणार? ती म्हणाली, ठरलं की कळवा. हात धुऊन मागे लागलीय.

६ मे
ऑर्डर आली. सरहद्दीवरची चौकी. तीन वर्षं. कुटुंबाला परवानगी नाही.

अंगाचा तिळपापड झाला. मेजरला म्हटलं, त्या मठ्ठ लोकांनी माझी पानं उघडूनही पाहिली नाहीत. ती म्हणाली, पाहिली. ज्यांचं कुटुंब एका जागी स्थायिक आहे त्यांना अशा ठिकाणी आधी पाठवतात. ज्यांच्या घरच्यांचं बिऱ्हाड पाठीवर आहे त्यांना कुटुंब नेता येईल अशी ठिकाणं. हे सगळ्या छावणीला माहीत आहे. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, मी विचारलं होतं.

७ मे, दुपारी
नियमात सोय आहे. सात दिवसांत अधिकाऱ्याने अर्ज केला तर फेरविचार होतो. अर्ज मीच लिहिला, एक पान, नम्र भाषेत. कुटुंब अजिबात स्थायिक नाही असं लिहिलं. मेजरने वाचला आणि टेबलावर ठेवला. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण दिवसभर तेच कानात आहेत.

"मी हा देणार नाही. तुला एका जागी राहायचं होतं. मलाही आता थोडे दिवस एकटीला राहायचंय. अकरा वर्षं मी घरी आल्यावर फक्त माफी मागितलीय."

आवाज चढला नव्हता. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. भीती वाटली. हे वहीत लिहायला हरकत नाही.

१४ मे
अर्जाची मुदत संपली. रोज सकाळी तो तिच्या टोपीशेजारी ठेवत होतो, रोज ती फक्त टोपी घेऊन गेली. काल म्हटलं, चौकीच्या जवळच्या गावात खोली घेऊन राहतो. फोटोग्राफी परत सुरू करतो. ती म्हणाली, तुझं घर इथे आहे. तिचं कुठे आहे ते विचारायचं होतं, विचारलं नाही.

२० मे
ट्रक आला. तिच्या दोन ट्रंका, एक वळकटी. वीस मिनिटांत आटोपलं. आधीच्या बदल्यांना तीन तीन दिवस लागायचे. तेव्हा सामान माझं असायचं हे आज लक्षात आलं.

जाताना तिने गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर चिकटवला, वेळेवर जेव म्हणाली. ट्रकवाल्याने सॅल्यूट ठोकला. तिला.

२२ मे, सकाळी १०
करिअरवालीचा फोन. ती जागा अजून रिकामी आहे. विचारलं, बदलीचं ठरलं का? म्हटलं, ठरलं, झालीसुद्धा. मग तुम्ही कधी निघणार? मी नाही निघणार, म्हटलं, ती गेली. अच्छा, म्हणजे तुम्ही इथेच? इथेच. किती दिवस? म्हटलं, कायमचा.

मग तर काही अडचणच नाही, म्हणाली. मी म्हटलं, जरा बघतो. काय बघायचंय, असं तिने विचारलं. भोचकपणाने नाही, खरंच विचारलं. फोनवर थांबून राहिली. मी टेबलाकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, दोन्ही खोल्यांत डोकावून आलो. सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

सोमवारी नऊ वाजता जायचं आहे.