कोहळ्याला पहिली चीर

मुर्री, दुर्गेश्वरी मावशीच्या घरून

प्रिय खुमेंद्र,

आजच्या काळात आईनं कागदावर पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आलं असेल तर बरं, मला प्रस्तावना करायला नको. जागेश्वरभाऊ उद्या पुण्याला लेकीकडे निघालाय, त्याच्या हाती हे देते आहे. मावशीच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला कधी एक वाक्य पुरं करू दिलं आहेस? "बरं आई, मी येतोच" म्हणून मोकळा होतोस. आणि या खेपेला प्रश्न तुझ्या येण्याचाच आहे. दिवाळीची तिकिटं तुम्ही काढून ठेवली आहेत, टीनाची बॅग आत्तापासून भरलेली असेल. त्या तिकिटांचं काय करायचं ते हे पत्र शेवटपर्यंत वाचून ठरव. मध्येच उठू नकोस.

सुरुवात टीनाच्या त्या टोस्टपासून करते, कारण सुरुवात तिथूनच झाली. तुम्ही तिला कुठल्याशा हॉटेलात कोहळ्याचा आणि दालचिनीचा फ्रेंच टोस्ट खाऊ घातलात आणि पोरगी व्हिडिओवर मला मास्तरणीसारखी शिकवायला लागली. कोहळं उकडायचं, घोटायचं, त्यात अंडी, दूध, गूळ, दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ. त्यात डबलरोटी बुडवायची आणि तुपावर भाजायची. मागून चेतना म्हणाली, "आई, जायफळ चिमूटभरच हं." जसं काही मी जन्मात जायफळ पाहिलंच नाही. तिकडच्या थंड देशांत शरद ऋतूत सकाळी हेच खातात, असं टीनानं वाचून दाखवलं. आपल्याकडचा शरद म्हणजे आश्विनातलं ऊन, पाठीला चिकटलेलं पोलकं आणि धान पिकल्याचा वास. तरी मी म्हटलं, करू. तुझ्या आजीच्या राज्यात अंडं अंगणाच्या पुढे आलं नव्हतं, माझ्या राज्यात ते गॅसपर्यंत येतं, एवढी सुधारणा मी केली आहे. दिवाळीला नातीसमोर फजिती नको म्हणून आधी एकदा करून बघायचं मी ठरवलं.

आता कोहळं म्हटलं की आपल्याकडे एक अडचण असते. तुला ती माहीत आहे, चेतनाला नसेल. तुम्ही पुण्यात लाल भोपळा म्हणता तेच हे, पण आपल्या घरात ते नुसती भाजी नसतं, ते घरचा थोरला पोरगा असतं. म्हणून अख्ख्या कोहळ्याला बाईनं हत्यार लावायचं नाही. पुरुषानं पहिली चीर द्यायची, मग बाईनं हवे तसे तुकडे करावेत. घरात पुरुष नसेल तर शेजारच्याला हाक मारायची. मी सून होऊन आले तेव्हा मला वाटायचं, चला, जन्मभर चुलीशी आम्हीच बसायचं, पण निदान एका पापातून तरी सुटका आहे. आपल्या घरचा थोरला तू, म्हणून लहानपणी तू याची भलतीच गंमत करायचास. तुझ्या बाबूजींनी कोयता हातात घेतला की "मले कापू नोका, मले कापू नोका" करत धानाच्या कोठीमागे लपायचास. बाबूजी मुद्दाम कोयता वर धरून थांबायचे, आणि चीर दिल्यावर तुला उचलून पोट चाचपायचे, कुठे लागलं तर नाही ना म्हणून. सगळं घर हसायचं, मीही हसायचे.

पोळ्यापासून बाबूजींचं जे चाललंय ते मी तुला "थोडं विसरतात" एवढंच सांगितलं होतं. ते थोडं नाही. आपल्याच धानाच्या बांधीत उभं राहून "हे कोनाचं वावर व्हय?" असं विचारतात. बोदलकशाच्या तलावावर मासे आणायला गेले ते संध्याकाळी भलत्याच गावच्या पारावर सापडले. गोंदियाच्या डॉक्टरांना दाखवलं. स्मरणाचा आजार आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, त्यांच्याशी वाद घालू नका म्हणाले. सांगायला त्यांचं काय जातं. गोळ्या बाबूजी गालात धरून ठेवतात आणि परसात जाऊन थुंकतात. यंदा गोठ्याच्या छपरावरच्या वेलाला माकडांनी एकच कोहळं राहू दिलं. ते पिकल्यावर बाबूजींनी स्वतः चढून उतरवलं आणि तुझ्या खोलीत तुझ्या खाटेवर नेऊन ठेवलं. मला वाटलं, माकडांपासून जपतायत. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यावर चादर. मी आत पाऊल टाकलं तर ओठावर बोट ठेवून म्हणाले, "हळू चाल वो, पोरगा आताच झोपला." मी उलट्या पावली बाहेर आले. खरं सांगू? पहिले काही दिवस मला ते बरंच वाटलं. माणूस शांत झाला होता, वेळेवर जेवत होता, खाटेशी बसून धानाच्या आणि बैलांच्या गोष्टी सांगत होता. तुझ्याशी तरी ते इतकं कधी बोलले होते?

मग तुझा व्हिडिओ आला आणि तू विचारलंस, कोहळं आहे ना घरात? आहे, मी म्हटलं, पण बाबूजी चीर देतील असं वाटत नाही. तू खो खो हसलास. "आई, तूच काप ना. बाईनं कापलं तर ते काय ओरडणार आहे?" मागून टीना "काप आजी, काप आजी" करत नाचायला लागली. फोनचा आवाज मोठा ठेवायची माझी सवय तुला माहीतच आहे. बाबूजी पडवीत बसून ऐकत होते. ते मला दिसत होतं, पण हल्ली ऐकलेलं त्यांच्याजवळ टिकत नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. जे टिकायला नको ते मात्र चांगलं टिकतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कोहळं देठाकडून नासायला लागलं होतं. खाटेवर पाणी झिरपलं होतं, मुंग्यांची रांग उशीपर्यंत गेली होती. मी बाबूजींना म्हटलं, चीर द्या, नाहीतर फेकावं लागेल. त्यांनी माझ्या हातातल्या कोयत्याकडे पाहिलं. "पोराले कापू? तू बाई होयेस का कोन?" आणि ते रडले. लग्नापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, अगदी सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. मग सकाळी ते वावरात गेल्यावर मी ते तुझ्या खोलीतून आणलं, अंगणात ठेवलं आणि कापलं. मला पश्चात्ताप वगैरे नाही, नासलेलं फळ घरात किती दिवस झाकून ठेवायचं? बाईच्या हातानं ते ओरडलं नाही. अर्धं गेलं होतं, अर्धं सोन्यासारखं निघालं. ते उकडून घोटलं, मसाला कुटला, कुडव्याहून मागवलेली डबलरोटी बुडवून तुपावर भाजली. घरभर असा वास सुटला की मला माझंच कौतुक वाटलं. टीनाला फोटो पाठवला तो तेव्हाचाच. बाबूजी आले, हातपाय धुऊन बसले, एक खाल्ला, दुसरा मागितला. "चांगला झाला," म्हणाले, "काय व्हय हे?" टीनाचा टोस्ट आहे, मी सांगितलं. मग ते उठून तुझ्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांना सुपात वाळत घातलेल्या बिया दिसल्या. त्यांनी बियांकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे पाहिलं.

ते ओरडले असते तर मी सांभाळून घेतलं असतं. पण ते तसेच पाठ फिरवून निघाले. विहिरीवर गेले, अंगावर बादल्या ओतून घेतल्या आणि ओल्या धोतरानं उंबऱ्यावर येऊन बसले. दुपारी न्हाव्याला बोलावून डोकं भादरून घेतलं. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होते, "मोठा गेला." शेजारची धुरपताबाई पदर डोक्यावर घेऊन फाटकापासूनच रडत आली, तिला मी तुझा आदल्या दिवशीचा फोटो दाखवला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. दोन दिवसांनी तू व्हिडिओवर ते मुंडण पाहिलंस आणि "बाबूजी, नवीन फॅशन?" म्हणून हसलास. मी उन्हाचं कारण सांगितलं. बाबूजी तुझ्याकडे पापणी न हलवता बघत राहिले आणि मग माझ्या कानाशी हळू म्हणाले, "आवाज त्याचाच हाय. चेहराबी त्याचाच हाय. पन थो नोहोय." मी मोठ्यानं हसून ते झाकलं, म्हणून तुला ऐकू गेलं नाही.

माझ्यावर त्यांचा राग नाही. राग असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "तुया हातानं झालं, पन तुवा नाही केलं. त्या फोनातल्यानं करवलं. माहा पोरगा मले काप म्हनंन का कधी?" डॉक्टर म्हणतात वाद घालू नका, आणि घालायचा म्हटला तरी कुठून घालू? सगळं वेड्यासारखं आहे, पण त्यात कुठे खोट सापडत नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. ज्यानं थोरल्याला कापायला लावलं तोच थोरल्याचं तोंड घेऊन दिवाळीला घरी येणार आहे, असं त्यांनी मनाशी धरलंय. बाकी सगळं विसरतात, मी जेवले का हे चार वेळा विचारतात, पण दिवाळी किती लांब आहे हे विसरत नाहीत. माझा फोन आता त्यांच्या बंडीच्या खिशात असतो. दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसतात. विळे आणि कोयते मी पोत्यात बांधून इथे मुर्रीला आणून ठेवले आहेत. कुऱ्हाड मात्र मला घरात कुठेच सापडली नाही. ती कुठे आहे असं विचारलं तर म्हणतात, "हाय ना, जागेवर हाय."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. परवा मी तुला फोन केला, दिवाळीला नक्की ये म्हटलं, चेतनाला सुट्टी नसेल तर तू आणि टीना दोघंच या, बाबूजी एकदम बरे आहेत म्हटलं. तुला किती आनंद झाला ते मला ऐकू आलं. तेव्हा बाबूजी माझ्या शेजारी बसले होते आणि काय बोलायचं ते एकेक वाक्य मला सांगत होते. बिनबापाची पोरगी, म्हणजे टीना, त्या फोनातल्याच्या हाती आहे, तिला त्याच्यापासून सोडवायचं, असं त्यांचं चाललंय. "पोरीले आत घेजो," मला म्हणाले, "त्याले मी दारातच पाहातो." म्हणून, बाळा, येऊ नकोस. तिकिटं परत कर, टीनाला आजी आजारी आहे म्हणून सांग, आणि धावत येऊन मला सोडवायचा शहाणपणा तर अजिबात करू नकोस. मला ते काही करणार नाहीत. ईश्वरदास भाऊजी दिवाळीनंतर त्यांना नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. बाबूजी बरे झाले तर मी स्वतः पुण्याला येऊन, तुझ्यासमोर उभी राहून सांगेन. तोपर्यंत माझे फोन येतील. माझाच आवाज असेल, मी हसत असेन, ये म्हणत असेन, कदाचित रडेनसुद्धा. त्यांचा तुझ्या आवाजावर विश्वास राहिलेला नाही. आता तूही माझ्या आवाजावर ठेवू नकोस.

तुझीच,
आई