पेटी कुणाच्या दारी

दि. ८ नोव्हेंबर

अक्का,

नमस्कार. गुडघे सोडले तर इकडे सगळं धड आहे. सून बोलते कमी, भांडी आपटते जास्त. तुझी खुशाली पेपरात वाचायची सवय लागलीय, म्हणून विचारत नाही.

गेल्या वर्षीचा तुझा फोटो नातवाने अजून मोबाइलमध्ये ठेवलाय. मत घ्यायला मतपेटी घेऊन चार माणसं तुझ्या घरी, शिलाई मशीनवर पुठ्ठ्याचा आडोसा, आणि तू ऐटीत खुर्चीत. खाली छापलंय, मतदारसंघातलं पहिलं घरबसल्या मत. तुझी मतदानाची शाळा तर दारासमोर! मी त्या निवडणुकीत आमच्या शाळेचा चढ दोनदा बसत चढले, तासभर रांगेत उभी राहिले. माझा फोटो कुणी काढला नाही. असो. तुझा आशीर्वाद घेऊन गेलेला आमदार वर्षभरात वारला, म्हणून आता पोटनिवडणूक.

परवा यादीवाली बाई आली. म्हटलं, माझंही मत घरीच घ्या. कागद बघून म्हणाली, "आजी, तुम्ही अजून लहान. पंच्याऐंशी लागतात, तुमची चौऱ्याऐंशीच." सून तोंड फिरवून हसली. वय चुकीचं लागलंय म्हटलं, तर म्हणते, दाखला नसेल तर थोरल्या बहिणीची सही आणा.

थोरल्या बहिणीची.

वय कुठे चुकलं ते तुला ठाऊक आहे. स्थळ तुझ्यासाठी आलं होतं, मुलाला वीसच्या आतली हवी होती. तू पाणी आणायला आत गेलीस तेवढ्यात मी म्हणाले, धाकटी मीच. बाबा गप्प राहिले. थोरली खपतेय म्हटल्यावर ते कशाला बोलतील? पुढे यादीतही तीच उलटी वयं लागली, आणि तीन वर्षांनी लहान पोरीला मी जन्मभर अक्का म्हणत आले.

मिळवलं काय, तर घोरणारा, मिठावरून ताट सरकवणारा. तुला मागून शिंपी मिळाला. तुझ्या चपला तो उन्हातून सावलीत सरकवून ठेवायचा. मी पाहिलंय. फोटो त्यापुढे काहीच नाही.

सोबत कागद आहे. सही केलीस तर माझं वय मला, तुझं तुला. पेटी माझ्याकडे येईल, तू रांगेत जाशील. नाही केलीस तर मी चढ चढेन, कुणाकडे बोलणार नाही.

तेव्हा तुझं न विचारता घेतलं. आता विचारतेय.

तुझी थोरली